वाटणीतून सुटलेली आजी

अभ्यास पाठ
शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



हा उतारा आपण बहुधा मंडळीचे नवे सेवक नेमण्याच्या रविवारी वाचतो. पाळकसाहेब त्या सात जणांचे गुण सांगतात, नव्या सेवकांसाठी प्रार्थना होते आणि आपण घरी जातो. पण उताऱ्याची सुरुवात नेमणुकीने होत नाही, कुरकुरीने होते. यरुशलेमेच्या मंडळीत रोजची वाटणी चालू होती आणि त्या वाटणीतून काही विधवा सुटत होत्या. सगळ्या नव्हे, फक्त ग्रीक बोलणाऱ्या हेल्लेणी घरांतल्या. वाटणारे वाईट होते असे लूक म्हणत नाही. अन्न कमी पडत होते असेही म्हणत नाही. भाषा वेगळी आणि आपल्या वतीने बोलणारे कोणी नाही, अशा म्हाताऱ्या बाया मागे राहत होत्या, एवढेच आपल्याला कळते.

प्रेषितांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि मंडळीला माणसे निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच. ही नावे नीट पाहा, सातही ग्रीक आहेत. ज्यांच्या बाया सुटत होत्या, त्यांच्याच भाषेतली माणसे वाटणीच्या कामावर बसवली असावीत, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात हा मुद्दा पाच मिनिटांत उरकला होता. वस्त्यांवर काम करू लागल्यावर तो मला फार मोठा वाटू लागला.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमा आणि घोड नदीच्या काठाने भिल्लांची घरे आहेत, गावांच्या कडेला आणि गायरानात पारध्यांची पाले आहेत, काही ठिकाणी ठाकरवाड्या आहेत. या घरांतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांचे भान हळूहळू जात चालले आहे, त्यांच्याविषयी हा पाठ आहे. त्यांच्यासाठी सरकारचे पैसे आहेत. वाटणीही दर महिन्याला होते. पण ती त्यांच्यापर्यंत पोचायची वाट अशी आहे की स्वतःचे नाव, वय आणि सही सांभाळू शकणाराच शेवटपर्यंत जातो. आणि हा आजार नेमके तेच काढून घेतो.

डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात, पुस्तकी मराठीत स्मृतिभ्रंश. आपल्याकडे "म्हातारचळ लागला", "साठी बुद्धी नाठी" असे म्हणून विषय संपवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या शंभर माणसांत सात ते आठ जणांना हा आजार असल्याचे दिसले. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख माणसे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शाळेची पायरी न चढलेल्यांत जास्त. म्हणजे आपल्या वस्तीवरची आजी या तिन्ही गटांत बसते.

एखादे नाव वेळेवर न आठवणे वेगळे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात "मला कुणी जेवायला दिलं नाही" म्हणणे, रोजच्या पाणवठ्याचा रस्ता चुकणे, सुनेला चोर समजणे, हे वेगळे. असे दिसले की आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष किंवा खोल उदासी यांनीही माणूस असाच वागतो आणि ते उपचाराने सुधारू शकते. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांनी तर निम्मा गोंधळ वाढतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पहिल्या भेटीचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. तो पुढे का लागतो, ते खाली येईलच.

पारधी वस्तीवर या आजाराला आणखी एक धोका चिकटलेला आहे आणि शहरातल्या वाचकांना तो सहसा सुचत नाही. या आजाराची माणसे घरातून निघून जातात. संध्याकाळी अस्वस्थ होतात आणि लहानपणीच्या घराकडे चालू लागतात. शहरात अशी आजी सापडली की लोक तिला बसवतात, पाणी देतात. पारध्याची आजी अंधारात कुणाच्या उसात किंवा गोठ्याजवळ सापडली तर? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. म्हणून कुठल्याही अर्जाआधी आम्ही दोन गोष्टी करतो. आजीच्या चोळीला आतून नाव, वस्ती आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवतो. आणि पोलीस पाटलांना व शेजारच्या शेतकऱ्यांना तिला एकदा दाखवून ठेवतो. यात पैसा लागत नाही. योजनांच्या आधी हे सांगितले, कारण पेन्शन एक महिना उशिरा आली तरी चालते.

आता योजनांकडे. स्मृतिभ्रंशाच्या नावाने आपल्या राज्यात वेगळी पेन्शन नाही. त्यामुळे "या आजारासाठी काही आहे का?" असे खिडकीवर विचारले की "नाही" असेच उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. दार दुसऱ्या नावाने ठोठवायचे असते.

पहिले दार वयाचे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार माणसासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना तिला जोडली जाते, पण हातात मिळून तेवढेच येतात. जुलै २०२३ पासून ही रक्कम महिना १,५०० रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो. ६५ च्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. सध्या सगळ्या बाया लाडकी बहीणविषयी विचारतात, पण तिची वयोमर्यादा ६५ लाच संपते.

दुसरे दार दिव्यांगत्वाचे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्मृतिभ्रंश हा शब्द नाही. मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि दिशा-काळाचे भान यांतला गंभीर बिघाड स्पष्टपणे घेतला आहे, आणि त्या प्रकारात याचे प्रमाणपत्र मिळू शकते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले तर दोन फायदे होतात. संजय गांधी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० ऐवजी ५०,००० रुपये धरली जाते. आणि ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी व श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये आहेत. हजार रुपयांचा फरक म्हणजे पालावर महिन्याचे तेल, साबण, चहा-साखर आणि आजीचे लंगोटाचे कापड.

बाकीचे थोडक्यात. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास फुकट. सोबत जाणाऱ्या मुलाला मात्र तिकीट काढावे लागते आणि आजी एकटी जाऊ शकत नाही, म्हणजे फुकट प्रवासाचाही खर्च आहेच.

आता एका आजींची हकीगत सांगते. नाव आणि गाव सांगत नाही.

भीमेकाठच्या पालावरच्या या आजींची श्रावणबाळची पेन्शन काही वर्षे नीट चालू होती. मग थांबली. मुलगा म्हणाला, "ताई, आईचं पैसं बंद झालं. बँकेत म्हणत्यात, वरूनच येत न्हाई." कारण साधे होते, त्या वर्षीचा हयातीचा दाखला दिलेला नव्हता. मुलगा आईला घेऊन एका कार्यालयात गेला. खिडकीवरच्या बाईंनी नियमाप्रमाणे विचारले, "आजी, नाव काय तुमचं?" आजींनी माहेरचे नाव सांगितले. वय विचारले तर हसल्या. मुलाकडे बोट दाखवून हा कोण, म्हटल्यावर म्हणाल्या, "माझा भाऊ." बाईंनी कागद परत केले. ही ती लाभार्थी नाहीच, असा त्यांचा समज झाला. पारध्याचा पोरगा कुणाची तरी म्हातारी घेऊन पैसे उचलायला आला, असे रांगेत कुणीतरी मोठ्याने म्हणालेही. मुलगा तिथून जो निघाला, तो परत त्या कार्यालयाच्या पायरीवर जायला तयार नव्हता.

खिडकीवरच्या बाईंना मी दोष देत नाही. नाव विचारण्याचा नियम खोटे लाभार्थी रोखण्यासाठी आहे. आजींना आजार आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हते आणि सांगणारेही कुणी नव्हते.

आम्ही आधार कार्ड, पासबुक, मतदार यादीचा उतारा आणि योजनेच्या मंजुरीचे जुने पत्र एकत्र केले. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. मग तलाठी आणि पोलीस पाटलांना विनंती केली की आजी इथे येऊ शकत नाहीत, आपण पालावर या. ते आले, पंचनामा करायला बसले. तरी आजी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच देईनात. या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि आईच्या तोंडून ऐकलेली उरते. आजी बाजारात चाळीस वर्षे मराठी बोलल्या, पण आता फक्त पारधी बोली बोलतात. तेव्हा दहावी झालेला नातू पुढे सरकला आणि त्याने आपल्या बोलीत विचारले, "तुझं लगीन झाल्यावर तुला काय म्हणून हाक मारायचे?" आजींनी चटकन नाव सांगितले. सासऱ्याचेही सांगितले. आधार कार्डावर तेच होते.

चौथ्या महिन्यात पैसे सुरू झाले. मधल्या महिन्यांच्या थकबाकीचा अर्ज दिलेला आहे.

त्या दिवसापासून मी सहाव्या अध्यायातली ती सात ग्रीक नावे वेगळ्या नजरेने वाचते. माझ्याकडे डिप्लोमा आहे, ओळखपत्र आहे, कार्यालयांत बऱ्यापैकी मान आहे. आजींचे नाव मात्र मला काढता आले नसते. दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंनी साध्या बायांना कळावे म्हणून सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. सरकारी अर्जाची भाषा आजीच्या भाषेत नेण्याचे काम त्या मानाने लहान आहे, आणि दहावी झालेला नातू ते करू शकतो.

वयाच्या दाखल्याचेही असेच. पालांवर बहुतेकांचा जन्म आधार कार्डावर १ जानेवारीचा असतो. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. अशा वेळी शिधापत्रिका किंवा मतदार यादीतले वय, किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. पण डॉक्टरांनाही अंदाजाला काही आधार लागतो. या आजारात कालचे जाते, जुने बराच काळ राहते. म्हणून "वय किती?" न विचारता "बाहत्तरच्या दुष्काळात कुठं होतीस?" असे विचारावे. "खडी फोडत होते, थोरला पाठीला होता," असे उत्तर आले की हिशेब लागतो. १९७२ मध्ये कडेवर मूल असलेली बाई आज सत्तरीच्या अलीकडे क्वचितच असेल.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करून मग रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांपुढे जावे लागते. आपल्या जिल्ह्यात औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून. शिरूरहून पुणे साठ-सत्तर किलोमीटर, आणि गोंधळलेल्या माणसाला गर्दीच्या बसमधून न्यायचे म्हणजे घरच्यांची परीक्षाच. तेव्हा एका फेरीत काम व्हावे अशी तयारी करून जावे. डॉक्टर चार गोष्टी मोजतात : स्वतःची देखभाल, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम. शिवाय आजार किती दिवसांचा आहे तेही धरतात. पहिला केसपेपर इथे लागतो. घरच्यांनी आधीच वहीत लिहून न्यावे : आंघोळ कोण घालते, लुगडे उलटे नेसते का, लघवीचे भान आहे का, कुणाला ओळखत नाही, शेवटचा स्वयंपाक कधी केला. आपली माणसे डॉक्टरांपुढे आईची अब्रू झाकतात. "तशी बरी हाय" म्हणतात. मग गुणही "बरी आहे" असेच मिळतात. तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव या प्रश्नांवर मात्र घाबरू नये. ज्या बाईने आयुष्यात कॅलेंडर पाहिले नाही तिला तारीख न येणे हा आजार नव्हे. तिच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी, हे तिला ठाऊक होते आणि आता नाही, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

बँकेत पैसे आले तरी निघत नाहीत, ही पुढची अडचण. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा मशीनवर उमटत नाही, सही कधीच नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमात याची सोय आहे. आजारी किंवा असमर्थ खातेदाराचा अंगठा, तोही नसेल तर पायाचा अंगठा, पैसे काढण्याच्या स्लिपवर घेता येतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळवले आहे. शाखेत हे नम्रपणे, पण लेखी मागावे. वारसाचे नाव खात्यावर लावायचे असेल तर आजीला कळते आहे तोवरच लावून घ्या.

आता एक अवघड गोष्ट. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कोणते कुटुंब जगते? हा आकडा मला अन्यायाचा वाटतो आणि तसे मी प्रत्येक अधिकाऱ्याला सांगते. पण त्यामुळे वस्तीवर सल्ला फिरतो की उत्पन्न कमी लिहा, मुलगा वेगळा राहतो असे दाखवा. मंडळीतलेही काही जण सहज म्हणतात, "ताई, सगळेच करतात." मी ते करत नाही. आजी खरोखर वेगळ्या पालात, वेगळ्या चुलीवर असेल तर तिची शिधापत्रिका वेगळी करणे हे सत्यच आहे आणि त्यासाठी मी दहा चकरा मारीन. मुलगा कमावता आणि एकाच चुलीवर असेल, तर वय वंदना कार्ड, वयोश्री आणि दिव्यांगांची ५०,००० ची मर्यादा यांतून जे मिळेल ते घ्यायचे. यामुळे एक-दोन घरांचा अर्ज राहिला, हेही खरे आहे. त्या घरांकडे मी मंडळीच्या मदतनिधीतून धान्य नेते. हा निधी तुम्हीच पाठवता, म्हणून ते इथे सांगितले.

आणि आपल्या स्वतःच्या घरांविषयी. मार्क ७ मध्ये कुर्बानच्या निमित्ताने प्रभूने देवाला देण्याच्या नावाखाली आईबापांना टाळणाऱ्यांना सुनावले आहे. आमच्या संस्थेला देणगी पाठवणाऱ्या वाचकांना हे लिहिणे जरा विचित्रच, पण तुमच्या घरातली आई विसरू लागली असेल तर ती रक्कम आधी तिच्या देखभालीला लावा. कमावता मुलगा सांभाळत नसेल तर २००७ च्या कायद्याने प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत. वृद्धांसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांविषयी १४४१६ हे दोन फोन नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

मंडळीतल्या अभ्यासगटासाठी काम असे : शिरूर, दौंड, पाटस, यवत, केडगाव, रांजणगाव, जिथे तुम्ही जमता तिथून जवळची वस्ती घ्या. तिथे ६५ पुढची किती माणसे आहेत, कुणाची पेन्शन चालू आहे, कुणाची थांबली, आणि कुणाला आपले नाव सांगता येत नाही, एवढे वहीत लिहा. मग त्याच वस्तीतली दोन शिकलेली मुले-मुली शोधा, आपल्या मंडळीतली नसली तरी चालतील. त्यांना अर्ज भरायला, हयातीचा दाखला द्यायला आणि बँकेत साक्षीदार म्हणून उभे राहायला शिकवू. प्रशिक्षण आम्ही देऊ. जाण्यायेण्याचा आणि झेरॉक्सचा खर्च कोणती मंडळी उचलेल, हे गटात ठरवून आमच्या कार्यालयाला कळवा. पुढच्या वर्षीच्या हयातीच्या दाखल्याची आठवण प्रत्येक आजीच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहायची आहे, आणि त्या कामाला आत्तापासून हात हवे आहेत.